कोकणातल्या पाणवनस्पती: व्हाळातून शीटवर, शीटवरून संगणकावर

पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती बाहेर काढली की पाच-दहा मिनिटांत तिचा ओला बोळा होतो. तिला उभं धरणारं पाणीच निघून गेलेलं असतं. तो बोळा तसाच वाळवून शीटवर चिकटवला, तर पुढे कितीही भारी कॅमेरा लावा, पडद्यावर बोळाच दिसणार. म्हणून हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदी शीटवर चिकटवून जपलेल्या संग्रहाच्या, डिजिटायझेशनची सुरुवात तळ्याच्या काठावर होते. स्कॅनरची पाळी शेवटी येते.

कोकणात या कामाचे दोन हंगाम आहेत. जुलै ते ऑक्टोबर गोळा करायचे महिने. या काळात रत्नागिरी, राजापूर, देवगडचे कातळ सडे, म्हणजे उघड्या खडकाची पठारं, पाण्याने भरतात आणि सीतेची आसवं (युट्रिक्युलेरिया), गेंद, रोटाला, अपोनोजेटॉन हे सगळे एकामागून एक फुलतात. नोव्हेंबर ते जानेवारीत नद्यांचं पाणी उतरतं, तेव्हा खडकांना चिकटलेली, शेवाळ किंवा दगडफूल वाटणारी पोडोस्टेमेसी कुळातली झाडं उघडी पडून फुलतात. हेच महिने धरून मेअखेरपर्यंत शीटचे फोटो काढायचे. भर पावसात कपाटं उघडून शीट बाहेर काढणं म्हणजे बुरशीला आवतण देणं. खाडीतल्या चिखलावर उगवणारं हॅलोफिला बेकारीसारखं समुद्रगवत मात्र ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतं.

परवानगी आधी. अभयारण्य, राखीव वन आणि कांदळवनात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उपटू नका. खाजगी सड्यावर मालकाला आणि गावच्या तळ्यावर ग्रामपंचायतीला विचारा. कोकणात देवराईतल्या तळीला हात लावण्यापूर्वी गावकऱ्यांशी बोलणं हे कायद्याइतकंच बंधनकारक समजा.

पाण्याच्या काठावर

सोबत लागतं ते एवढंच: ४५ × ३० सेंटिमीटरचा पांढरा ट्रे, झिपच्या पिशव्या, १० पट मोठं दाखवणारं लूप (भिंग), घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्यांत ७० टक्के अल्कोहोल, शिसपेन्सिल, जीपीएस चालू असलेला मोबाईल, आणि दोरीला बांधलेला तीन-चार आकड्यांचा लोखंडी गळ. खोल पाण्यात उतरण्याऐवजी गळ टाकून ओढा. गमबूट घाला. भातखाचरांत आणि साचलेल्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो, आणि पायावर जखम असेल तर त्या दिवशी काठावरूनच काम करा. शाईचं पेन घरी ठेवा.

नमुना पाण्यासकट पिशवीत घ्यायचा, पिशवीत थोडी हवा ठेवून बांधायची आणि सावलीत न्यायची. प्रत्येक पिशवीत पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक टाकायचा. हा तुमचा संग्राहक क्रमांक. तो एकपासून सुरू होतो, दर वर्षी नव्याने सुरू होत नाही आणि आयुष्यात दोनदा वापरायचा नाही. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच जातीचे घेतलेले सगळे नमुने एका क्रमांकाचे; शेजारच्या डबक्यातला त्याच जातीचा नमुना दुसऱ्या क्रमांकाचा. वहीतली नोंद, बाटली, मोबाईलमधला फोटो, शीट, संगणकातली फाइल ही सगळी साखळी या एका आकड्यावर लटकलेली असते. तो चुकला तर बाकी कितीही नीटनेटकं असलं तरी उपयोग नाही.

वहीत तेच लिहा जे शीट सांगू शकणार नाही. पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये. पाणी वाहतं की साचलेलं, गोडं की मचूळ. तळाला कातळ, चिखल की वाळू. पानं पाण्यावर, पाण्यात की हवेत. फुलाचा ताजा रंग. युट्रिक्युलेरियाची निळी-जांभळी फुलं वाळली की तपकिरी होतात. फूल किती वाजता उमललेलं होतं. चुरगळल्यावर वास आला का. आणि फुलाचा समोरून, बाजूने आणि मागून असा फोटो, चौकटीत पट्टी ठेवून. मागचा फोटो सगळे विसरतात आणि फुलाची शेपटी आणि निदल (पाकळ्यांबाहेरची दलं) तर तिथेच दिसतात.

फुलं आणि फळं बाटलीत वेगळी ठेवणं हे पाणवनस्पतींसाठी ऐच्छिक नाही, कारण दाबल्यावर नाजूक फुलाचा पापुद्रा होतो. नुसतं ७० टक्के अल्कोहोल चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रचना पाहायची असेल तर ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड ५ मिली आणि फॉर्मलिन ५ मिली हे मिश्रण वापरा. फॉर्मलिन मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच. पण डीएनएसाठी पान ठेवायचं असेल तर फॉर्मलिन नको. पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ते कोरडं करा.

तरंगवून उचलणं

ट्रेमध्ये तीन-चार सेंटिमीटर स्वच्छ पाणी घ्या. नमुना आधी दुसऱ्या भांड्यात धुवून चिखल, गोगलगायी आणि चिकटलेलं शेवाळ काढून टाका. आता ट्रेच्या तळाशी छिद्रांची पातळ जाळी किंवा पत्रा ठेवा, त्यावर जाड, आम्लरहित पांढरा कागद, आणि वरून नमुना सोडा. पाण्यातच मऊ ब्रशने फांद्या पसरा. एका फांदीची पानं उलटी करून ठेवा, म्हणजे खालची बाजू दिसेल. दाट झुबका असेल तर विरळ करा, पण कापलेल्या फांदीचं बूड दिसू द्या, नाहीतर पाहणाऱ्याला झाडच तेवढं विरळ वाटेल. मग जाळी एका कडेने तिरपी करत हळू उचला. घाईने सपाट उचलली तर पाणी मध्येच साचतं आणि सगळी मांडणी वाहून जाते.

निथळलं की नमुन्यावर जुन्या मलमलीचा किंवा बटर पेपरचा तुकडा, खाली-वर टीपकागद, आणि मग प्रेस, म्हणजे नमुने दाबून वाळवायची चौकट. हायड्रिला, नाजास, युट्रिक्युलेरिया यांच्या अंगच्या बुळबुळीत थराने ते कागदालाच चिकटतात. वरचं कापड नसेल तर टीपकागदालाही चिकटतात आणि सोडवताना फाटतात. असे नमुने त्याच कागदासह कापून नंतर शीटवर चिकटवायचे.

कमळाचे देठ, पाणकणसाचे दांडे, कर्दळीएवढी जाड खोडं उभी चिरून अर्धी करा. आतल्या हवेच्या पोकळ्यांची रचना ओळखीला उपयोगी पडते, म्हणून एक आडवा कापही शेजारी ठेवा. प्रेसमध्ये जाड दांड्याच्या शेजारची पानं दाबाविना सुटून सुरकुततात. तिथे फोमचे तुकडे भरा.

वाळवण हाच कोकणातला खरा त्रास आहे. जुलैत हवेतच इतकी ओल असते की टीपकागद वाळतच नाही, आणि तिसऱ्या दिवशी नमुन्यावर करडी लव दिसते. पहिला बदल तीन-चार तासांत, मग पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, त्यानंतर रोज एकदा. कागद बदलायचा तो गरम करून कोरडा केलेलाच. खोक्यात ६० किंवा १०० वॉटचे दोन तंतूचे बल्ब, वर जाळी, त्यावर नालीदार पुठ्ठे घालून आडवी नव्हे तर कडेवर उभी ठेवलेली प्रेस, आणि खोक्याला खाली-वर हवेची भोकं, एवढं केलं तरी काम होतं. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, त्याला पुरेशी ऊबच नसते. तापमान ४५ अंशांच्या आसपास ठेवा. ६०च्या वर नेलं तर पानं तपकिरी आणि ठिसूळ होतात. चुलीवरच्या माळ्यावर वाळवायचा मोह होतो. धुराने कागद पिवळा पडतो आणि काजळीचा थर पुढे प्रत्येक फोटोत दिसतो.

ओळख पटवताना

पहिली विभागणी कुळाने करू नका, राहणीने करा: मुक्त तरंगणारी, तळाला रुजून पानं पाण्यावर सोडणारी, पूर्ण बुडीत, आणि पाय पाण्यात पण अंग हवेत असलेली. यापैकी कुठल्याही गटाचा नात्याशी संबंध नाही, पण शोध चटकन आटोपतो. एकच जात दोन रूपं दाखवते हे मात्र लक्षात ठेवा. लिम्नोफिलाची बुडीत पानं केसांसारखी चिरलेली आणि हवेतली सलग असतात. एकाच दांड्यावर दोन्ही असताना फक्त शेंडा तोडून आणला, तर संदर्भग्रंथातल्या किल्लीत, म्हणजे खुणांवरून जात शोधायच्या तक्त्यात, पहिल्याच वळणाला चुकाल.

कमळ आणि कुमुद यांची गल्लत सगळ्यात जुनी. कमळाचा, म्हणजे नेलुंबोचा, देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, पानाला खाच नसते, आणि मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाचं, म्हणजे निम्फियाचं, पान पाण्यावर तरंगतं आणि कडेपासून देठापर्यंत खोल खाच असते. निम्फिया प्युबेसेन्सच्या पानाची कड धारदार दातेरी, खालची बाजू लवदार आणि फूल रात्री उमलणारं. निम्फिया नौचालीची कड जवळजवळ सलग, फूल दिवसा. तिसरी नकलाकार म्हणजे निम्फॉइडिस. पान अगदी छोट्या कुमुदासारखं, पण फुलं बोटाच्या पेराएवढी आणि पानाच्या लगेच खालून झुबक्याने येणारी. पाकळ्यांवर सगळीकडे पांढरी लव आणि मध्ये पिवळा ठिपका दिसला तर निम्फॉइडिस इंडिका.

बुडीत झाडांत, जे हिरवं-दोरीसारखं ते सगळं ‘शेवाळ’ अशी बोलीभाषेतली पद्धत आहे, आणि लेबलावरही ती उतरते. सेराटोफायलमला मुळं नसतात आणि पान दोनदा दुभंगतं, हाताला खरखरीत लागतं. त्यासारखंच दिसणाऱ्या युट्रिक्युलेरिया ऑरियाच्या पानांत मोहरीहून लहान फुगे असतात, लूपमधून पाहा. फुलाच्या दांड्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे फुगीर तरंगक असतील तर ती युट्रिक्युलेरिया स्टेलारिस. चुरगळल्यावर उग्र वास आणि बोटांना चुन्याची कचकच जाणवली तर ते कारा, आणि ते खरोखरच शैवाल आहे. हायड्रिलाची पानं तीन ते आठच्या वलयात, कड बारीक दातेरी. ब्लिक्साच्या जाती मात्र पानावरून ओळखायच्याच नाहीत. बी पाहिजे. ब्लिक्सा एकिनोस्पर्माच्या बीला दोन्ही टोकांना शेपट्या असतात, ऑबर्टीच्या बीला नसतात.

सड्यावरच्या सीतेच्या आसवांत निळ्या-जांभळ्या पाच-सहा जाती हातभर अंतरात मिसळून उगवतात. इथे फुलाच्या रंगावर जाऊ नका. फुलाखालचं इवलंसं पानासारखं पत्र दांड्याला बुडाशी चिकटलंय की मधोमध, हे लूपने पाहा. सेरुलियात मधोमध, ग्रॅमिनिफोलिया आणि रेटिक्युलाटात बुडाशी. रेटिक्युलाटाचा दांडा गवताला वेढे घालत चढतो, म्हणून गवतासकट घ्या. सोडवून घेतलेला नमुना ही खूण गमावतो.

गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, हे या सगळ्यात अवघड प्रकरण. पांढरी गोल डोकी पाहून नाव देणारा माणूस बहुतेक वेळा चुकतो. पिकलेली डोकी हवीत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. डोकं गरम पाण्यात भिजवून सुईने उकला, मादीफुलाची निदलं मोजा, बीच्या पृष्ठभागावरची नक्षी ४० ते १०० पटींनी पाहा. जुलैतल्या कोवळ्या नमुन्यावर जातीचं नाव लिहूच नका. ‘एरिओकॉलॉन, जात अनिश्चित’ हे लेबल प्रामाणिक आहे, आणि पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या नावापेक्षा जास्त कामाचं.

क्रिप्टोकोरीन आणि लॅजेनॅन्ड्रा यांत फूल नसताना कोवळं पान कसं गुंडाळलंय ते बघा. एकाच दिशेने सुरळी असेल तर क्रिप्टोकोरीन, दोन्ही कडा आत वळलेल्या असतील तर लॅजेनॅन्ड्रा. मार्सिलियाला आंबोशी समजण्याची चूक तर नवशिक्या हमखास करतो: आंबोशीला तीन पानं आणि आंबट चव, मार्सिलियाला चार पानं आणि बुडाशी घेवड्याच्या दाण्यासारखे बीजाणूंचे गोळे. ते गोळे नसतील तर जात ठरवता येत नाही. नेचेवर्गीय आयसोएटिस गवताच्या पातीसारखं दिसतं. उपटल्यावर पातीच्या रुंद बुडाशी बीजाणूंची पिशवी सापडते.

पोडोस्टेमेसी नखाने खरवडू नका. धारदार चाकूने खडकाचा पातळ पापुद्रा किंवा छोटा दगडच घ्या, अर्धा नमुना अल्कोहोलमध्ये आणि अर्धा वाळवून.

दोन कुक आणि तीन नावं

ओळखीसाठी दोन ग्रंथ हाताशी लागतात आणि योगायोगाने दोन्ही कुक यांचेच. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला, सी. डी. के. कुक यांचा भारतातल्या पाणवनस्पतींवरचा १९९६ सालचा. देवनागरीत आडनाव सारखंच दिसतं, म्हणून लेबलावर नुसतं ‘कुक यांच्यानुसार’ लिहू नका, सालही लिहा. पहिल्यात वर्णनं कोकणाची, पण नावं शंभर वर्षांपूर्वीची. त्यातलं लिम्नॅन्थिमम आज निम्फॉइडिस आहे, जुसिया आज लुडविजिया.

कुळांचीही तीच गत. आपल्याकडची बहुतेक हर्बेरियमं बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीने लावलेली आहेत. त्यात कमळ आणि कुमुद एकाच कुळात, शिंगाडा ओनाग्रेसीत, निम्फॉइडिस जेन्शियानेसीत, लेम्नाचं वेगळं कुळ. डीएनएवर आधारलेल्या २०१६च्या एपीजी ४ या वर्गीकरण पद्धतीत कमळ कुमुदापासून फार दूर गेलं, शिंगाडा मेंदीच्या कुळात आला, लेम्ना अळूच्या, आणि नाजास हायड्रिलाच्या. जलपर्णीचं आयकोर्निया क्रॅसिपीस हे नावही आता पॉन्टेडेरिया क्रॅसिपीस झालं आहे. कपाटं नव्याने लावायच्या भानगडीत पडू नका. शीट जिथे आहे तिथे राहू द्या. संगणकात तीन वेगळे रकाने करा: लेबलावरचं नाव अक्षरशः, आजचं मान्य नाव, आणि कपाटातलं कूळ. मान्य नाव लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासा, आणि तपासल्याची तारीख नोंदवा, कारण ते पुन्हा बदलेल.

शीट

भारतात शीट साधारण ४२ × २८ सेंटिमीटरचं. कागद आम्लरहित, डिंक तटस्थ, जाड भाग पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले. सेलोटेप कधीही नको. काही वर्षांत तो पिवळा होऊन सुटतो आणि चिकटा मागे ठेवतो. सुटी बीजं आणि फुलं कागदी पाकिटात, पाकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात. लेबल खाली उजवीकडे.

कपाटात जाण्याआधी प्रत्येक शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांत किमान ७ दिवस ठेवा. घरगुती डीप फ्रीझर असेल तर १४ दिवस. सिगारेट बीटल नावाचा तपकिरी किडा आणि त्याच्या अळ्या याने मरतात. पिशवी बाहेर काढून लगेच उघडली तर कोकणच्या दमट हवेत शीटवर क्षणात दव साचतं. चोवीस तास बंदच ठेवा. कपाटाच्या खोलीत आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली राखता आली तर उत्तम. ६५च्या वर गेली की बुरशी धरते. डिह्युमिडिफायरचं पाणी रोज ओतायला माणूस नेमला नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

जुनी शीटं हाताळताना नायट्राइलचे हातमोजे हवेतच. पूर्वी किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावत. कागदावर नमुन्याभोवती करड्या-काळ्या छटा दिसल्या किंवा विषप्रयोगाचा शिक्का असेल, तर खिडक्या उघड्या ठेवून काम करा आणि हात धुतल्याशिवाय चहा नको.

फोटो

साध्या स्कॅनरवर शीट पालथं घालावं लागतं आणि सुटी बीजं काचेवर सांडतात. नमुना वर तोंड करून ठेवायचा आणि कॅमेरा वरून खाली पाहणारा हवा. भिंतीला पक्का केलेला स्टँड, ५० मिमीचं मॅक्रो लेन्स, एफ ८, आयएसओ १००, केबलने किंवा संगणकावरून शटर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ५००० ते ५५०० केल्विनचे, रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय) ९०हून जास्त असलेले दिवे. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीला जाड पडदा. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर दिव्यांनाही यूपीएस लावा, नाहीतर सकाळच्या आणि दुपारच्या शीटचा पांढरा रंग वेगळा दिसेल. लेन्स रात्री सिलिका जेलच्या डब्यात. कोकणात एका पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते.

आता हिशोब. चौकटीत शीट, रंगपट्टी आणि मोजपट्टी मावण्यासाठी ४५ × ३० सेंटिमीटर धरा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० बिंदू देतो, म्हणजे इंचाला सुमारे ३४० बिंदू. लेबल वाचायला आणि पानाची कड पाहायला ते पुरतं. टाइप नमुन्यांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर जातीचं नाव बांधलेलं असतं अशा मूळ नमुन्यांसाठी, ६०० बिंदूंचा पायंडा आहे. तेवढ्यासाठी नुसत्या शीटचेच साडेपासष्ट मेगापिक्सेल होतात, म्हणून टाइप शीट दुसऱ्या यंत्रावर किंवा तुकड्यांत काढा. गेंदाची डोकी आणि युट्रिक्युलेरियाचे फुगे कुठल्याही पूर्ण शीटच्या फोटोत दिसत नाहीत. त्यांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो वेगळे काढून त्याच क्रमांकाला जोडा.

फोटोआधी बारकोड. हर्बेरियमचा संक्षेप आणि सहा अंकी आकडा, आम्लरहित कागदावर, लेबल किंवा नमुना न झाकता. संक्षेप मनाने ठरवू नका. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन चालवत असलेल्या इंडेक्स हर्बेरिओरमच्या सूचीत आधी पाहा, कारण तो दुसऱ्याचा असू शकतो. एका शीटवर दोन संग्राहक क्रमांकांचे नमुने असतील तर दोन बारकोड. फाइलचं नाव म्हणजे बारकोड, बाकी काही नाही. जातीचं नाव फाइलला दिलंत तर ओळख बदलली की फाइल खोटी ठरते.

दर पन्नास शीटनंतर थांबून एक फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. लेबलाचं सगळ्यात बारीक अक्षर वाचता यायला हवं, आणि वरच्या हिशोबाने मोजपट्टीवरचा एक सेंटिमीटर १३३ बिंदूंच्या जवळ यायला हवा. कमी-जास्त आला तर कॅमेरा सरकलाय. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल ठेवा. २४ मेगापिक्सेलची ८ बिटची टिफ फाइल ७२ एमबीची, म्हणजे पाच हजार शीटना ३६० जीबी. जेपेग फक्त दाखवायला. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, कारण पूर आणि वीज दोन्ही एकाच इमारतीत येतात.

लेबल उतरवणं

फोटोला मिनिट लागतं, लेबलाला त्याच्या कितीतरी पट वेळ. इथे घाई केलेले प्रकल्प नंतर सगळं पुन्हा करतात.

नियम एकच: लेबलावर जे आहे ते आधी जसंच्या तसं एका रकान्यात, चुकांसकट. अर्थ लावलेलं शेजारच्या रकान्यात. डार्विन कोअर ही जगभर चालणारी रकान्यांची पद्धत हाच भेद पाळते, आणि तुमची माहिती पुढे जीबिफसारख्या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक संचात जायची असेल तर रकाने सुरुवातीपासून तिच्याच नावाने ठेवा.

जुन्या लेबलावर ‘रत्नागिरी जिल्हा’ असेल आणि साल १९८१च्या आधीचं, तर जागा आजच्या सिंधुदुर्गातली असू शकते. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड, मुंबईतला कुलाबा नव्हे. २०१४च्या आधीचं ‘ठाणे, डहाणू’ आज पालघर. बसीन म्हणजे वसई, साल्सेट म्हणजे साष्टी. ‘सडा’ हे गावाचं नाव समजून नकाशात शोधू नका; व्हाळ, पऱ्या, कोंड, खाजण हे शब्दही तसेच जागेचे प्रकार आहेत, आणि कोकण न पाहिलेला टंकलेखक त्यांना गावं करून टाकतो. आंबोलीचं शीट कोकणातलं म्हणून मोजताना थबका: ते सिंधुदुर्गात असलं तरी सुमारे ७०० मीटर उंचीवर, घाटमाथ्यावर आहे, आणि तिथली पाणवनस्पती किनाऱ्यावरच्या सड्याची नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या काही लेबलांवर नुसतं ‘मलबार, कोकण इत्यादी, संग्राहक स्टॉक्स, लॉ इत्यादी’ एवढंच छापलेलं आहे. तिथे अक्षांश-रेखांशाचा ठिपका देऊ नका, रिकामं ठेवा.

ठिपका दिलात तर त्याची अनिश्चितता मीटरमध्ये लिहा. ‘मालवणजवळ’ला पाच-दहा किलोमीटर, ‘धामापूर तलावाचा उत्तर काठ’ला शे-दोनशे मीटर. सगळी नोंद झाल्यावर गाळणी लावा: कोकणचा अक्षांश साधारण १५.६ ते २०.३, रेखांश ७२.६ ते ७४.३ यांच्या आतच हवा. दोन्ही उलटे पडले तर तुमची सीतेची आसवं नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात फुललेली दिसतील, आणि असे ठिपके खरोखर सापडतात.

तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने. ‘५/९/८७’ हे पाच सप्टेंबर की नऊ मे? शीटवर फुललेली सड्यावरची युट्रिक्युलेरिया असेल तर मे नक्कीच नाही, कारण तेव्हा सडा तापलेला, कोरडा असतो. पण हा तर्क अर्थाच्या रकान्यात लिहायचा, मूळच्यात नाही. शतकही तपासा, कागद आणि टंकलेखनावरून. एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून धरत नाही आणि बारकोडचा आकडा वेगळ्या रकान्यात असेल तर त्याच्या सुरुवातीची शून्यं खातो. सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून ठरवून मगच भरायला घ्या.

एक लेबल दोघांनी वेगवेगळं उतरवावं, मग दोन्ही याद्या संगणकाने ताडून फरक तिसऱ्याने सोडवावेत. जुन्या हस्ताक्षरांवर यंत्रवाचन भरवशाचं नाही. टंकलिखित लेबलांना मात्र पहिला हात म्हणून चालतं.

क्रिप्टोकोरीनसारख्या मत्स्यालयांसाठी उपटल्या जाणाऱ्या, किंवा एखाद-दुसऱ्या सड्यापुरत्या उरलेल्या जातींचा नेमका ठिपका सार्वजनिक करू नका. एक दशांश अंशापर्यंत गोलाकार करा, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरचा अंदाज. मूळ आकडे आतल्या संचात राहू द्या. फोटोतल्या लेबलावर गावाचं नाव स्पष्ट दिसत असेल तर तो भाग सार्वजनिक प्रतीत झाका. काही हर्बेरियमं आकडे लपवतात आणि फोटोत लेबल उघडं ठेवतात.

जोड नमुना, म्हणजे त्याच क्रमांकाचा दुसरा नमुना, असेल तर एक प्रत पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात, आघारकर संस्थेत, मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पाठवा. वर्षा-दोन वर्षांत एखादा तज्ज्ञ तुमचं नाव बदलून पाठवेल. तेव्हा जुनी चिठ्ठी काढू नका, तिच्यावर काट मारू नका. नवी चिठ्ठी तिच्या वर, तारीख आणि ओळखणाऱ्याचं नाव घालून चिकटवा, त्या शीटचा फोटो पुन्हा काढा, आणि आधीची फाइलही तारखेसह ठेवून द्या.